ओळगणक, आज्ञावलीचा

संगणकाच्या आज्ञावलीच्या मूळ मजकुरात किती ओळी आहेत, हे मोजून त्यांची वर्गवार संख्या देणारे साधन. प्रोग्रॅमर सी, कोबोल, पायथन यांसारख्या भाषेत जो मजकूर लिहितो त्यास सोर्स कोड म्हणतात. या मजकुरात प्रत्यक्ष आज्ञांच्या ओळी असतात, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी लिहिलेल्या टिपांच्या ओळी असतात आणि परिच्छेद वेगळे दिसावेत म्हणून सोडलेल्या कोऱ्या ओळीही असतात. ओळगणक या तिन्ही प्रकारच्या ओळी वेगवेगळ्या मोजतो आणि भाषावार बेरीज देतो. स्वतः ओळगणक हीही एक आज्ञावलीच असते. बहुतेक ओळगणक कमांड लाइनवरून चालविले जातात. पडद्यावर साधनाचे नाव व ज्या फोल्डरची मोजणी करावयाची त्याचे नाव टंकलिखित केले म्हणजे काही क्षणांत तक्ता मिळतो. चित्रे, खिडक्या वा बटणे नसल्यामुळे असे साधन दुसऱ्या आज्ञावलीकडूनही चालविता येते आणि रोज ठरलेल्या वेळी आपोआप मोजणी करून घेता येते.

आज्ञावली ही वजन, लांबी किंवा घनफळ नसलेली वस्तू आहे. तिचा आकार सांगावयाचा झाल्यास ओळींची संख्या हे सर्वांत सुलभ माप होय. या मापावरून कामाला लागणारा वेळ, खर्च, मनुष्यबळ व काही ठिकाणी मोबदलाही ठरविला गेला आहे. त्यामुळे ओळ कशास म्हणावे आणि ती कोणत्या नियमाने मोजावी, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

इतिहास : लिखित मजकुराचा आकार संख्येने सांगण्याची पद्धत भारतात जुनी आहे. हस्तलिखितांच्या नकला करणारे लेखक ३२ अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ असे एकक धरीत. गद्य पोथीची लांबीही याच एककात सांगितली जाई आणि नकलेचा मोबदला ठरविण्यास ते उपयोगी पडे. पद्यात ओवी किंवा श्लोक हे एकक होते. तेथेही संख्या निर्विवाद नसे. ज्ञानेश्वरीची ओवीसंख्या सु. ९,००० सांगितली जाते, पण निरनिराळ्या प्रतींत ती थोडीफार वेगळी भरते, कारण कोणती ओवी मूळची व कोणती मागाहून आलेली याविषयी प्रतींमध्ये एकवाक्यता नाही. मोजणीपूर्वी नियम ठरवावा लागतो, ही गोष्ट या उदाहरणातही दिसते.

संगणकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत आज्ञावली छिद्रित कार्डांवर लिहिली जाई. एका कार्डावर ८० स्तंभ असत आणि एक कार्ड म्हणजे एक ओळ असा सरळ हिशेब असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हाही आज्ञावल्या अशाच कार्डांच्या गठ्ठ्यांच्या रूपाने संगणकाला पुरविल्या जात. कार्डांच्या एका पेटीत २,००० कार्डे मावत. त्यामुळे गठ्ठ्याच्या जाडीवरूनही आज्ञावलीच्या आकाराची कल्पना येई. फोर्ट्रान भाषेत पहिल्या स्तंभात ‘सी’ हे अक्षर असले की ते कार्ड टिपेचे, आणि सहाव्या स्तंभात खूण असली की ते आधीच्या कार्डाचे पुढचे कार्ड, असे नियम होते. जागा ठरलेली असल्यामुळे मोजणीत संदिग्धता फारशी नव्हती.

पुढे कार्डांची जागा फाइलींनी घेतली आणि ओळ कोठेही तोडता येईल अशा मुक्त मांडणीच्या भाषा प्रचारात आल्या. बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच ‘डब्ल्यूसी’ हा आदेश होता. तो फाइलीतील ओळी, शब्द व अक्षरे मोजतो आणि आजही वापरात आहे. तथापि तो भाषा जाणत नाही. त्याच्या दृष्टीने आज्ञा, टीप व कोरी ओळ सारख्याच. किंबहुना तो ओळी मोजत नसून ओळसमाप्तीची चिन्हे मोजतो. फाइलीतील अखेरच्या ओळीनंतर असे चिन्ह नसेल, तर ती ओळ त्याच्या हिशेबात येत नाही.

भाषा ओळखून मोजणी करणारी साधने नंतर आली. अमेरिकेतील डेव्हिड व्हीलर यांचे ‘एसएलओसीकाउंट’ हे साधन २००१ च्या सुमारास प्रसिद्धीस आले. ॲल डॅनियल यांनी पर्ल भाषेत लिहिलेले ‘क्लॉक’ हे साधन २००६ मध्ये प्रसृत झाले. त्याचे नाव ‘काउंट लाइन्स ऑफ कोड’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले आहे. ते विनामूल्य असून त्याचा स्वतःचा सोर्स कोडही सर्वांना खुला आहे. यानंतर रस्ट भाषेतील ‘टोकेई’ व गो भाषेतील ‘एससीसी’ ही अधिक वेगवान साधने तयार झाली.

ओळीची व्याख्या : ओळीचे दोन प्रमुख प्रकार मानतात. मजकुरात डोळ्यांना दिसणारी, एका ओळसमाप्ती चिन्हापासून दुसऱ्यापर्यंतची ती दृश्य ओळ. भाषेच्या व्याकरणानुसार पूर्ण होणारे एक विधान ती तार्किक ओळ. एखादा शब्द १०० वेळा छापावा, अशी आज्ञा सी भाषेत एका दृश्य ओळीत लिहिता येते. तिच्यात आवर्तनाचे एक व छपाईचे एक अशी दोन विधाने असतात, म्हणून तार्किक ओळी दोन होतात. हीच आज्ञा महिरपी कंस वेगळ्या ओळींवर घेऊन लिहिली, तर दृश्य ओळी चार होतात. तार्किक ओळी मात्र दोनच राहतात. संगणक दोन्ही वेळा तेच काम करतो.

दृश्य ओळी मोजणे सोपे, पण ती संख्या लिहिणाऱ्याच्या मांडणीवर अवलंबून राहते. तार्किक ओळींवर मांडणीचा परिणाम होत नाही, पण त्या मोजण्यासाठी प्रत्येक भाषेचे व्याकरण साधनाला शिकवावे लागते आणि एका भाषेतील विधानाची दुसऱ्या भाषेतील विधानाशी बरोबरी करणे अवघड जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर एंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट या संस्थेने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात यासाठी एकच व्याख्या लादली नाही. काय धरले व काय वगळले याची यादी मोजणाऱ्याने भरून द्यावी, अशी चौकट तिने सुचविली. यंत्राने तयार केलेल्या ओळी, दुसरीकडून जशाच्या तशा घेतलेल्या ओळी, काढून टाकलेल्या ओळी यांविषयी वेगवेगळे निर्णय घ्यावे लागतात. ते निर्णय सांगितल्याशिवाय दिलेली संख्या तुलनेस निरुपयोगी ठरते.

कार्यपद्धती : क्लॉकसारखे साधन प्रथम दिलेल्या फोल्डरमधील व त्याच्या उपफोल्डरांतील सर्व फाइलींची यादी करते. चित्रे, ध्वनी इ. मजकूर नसलेल्या फाइली बाजूला काढल्या जातात. नंतर प्रत्येक फाइलीचा अंकीय ठसा काढला जातो. दोन फाइली अक्षरशः सारख्या असतील, तर त्यांचे ठसे जुळतात आणि त्यांपैकी एकच मोजली जाते. यानंतर फाइलीच्या नावातील टिंबापुढील प्रत्ययावरून भाषा ओळखली जाते. काही प्रत्यय एकाहून अधिक भाषांत वापरले जातात. उदा., ‘एम’ हा प्रत्यय मॅटलॅब व ऑब्जेक्टिव्ह-सी या दोन्ही भाषांच्या फाइलींना असतो. अशा वेळी आतील मजकूर तपासून निर्णय घेतला जातो. भाषा ठरल्यावर तीन पायऱ्या होतात : (१) एकूण ओळी मोजणे, (२) कोऱ्या ओळी काढून उरलेल्या मोजणे व (३) त्या भाषेच्या टीपचिन्हांनुसार टिपा काढून उरलेल्या मोजणे. शेवटी उरतात त्या आज्ञांच्या ओळी. मागील दोन संख्यांच्या वजाबाक्यांवरून कोऱ्या व टिपांच्या ओळी मिळतात. एकाच ओळीत आज्ञा व टीप दोन्ही असल्यास ती आज्ञेची ओळ धरली जाते.

साध्या मोजणीत व भाषा जाणणाऱ्या मोजणीत किती अंतर पडते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. पालघर जिल्ह्यातील चिंचोटी येथील एका दुकानदाराने बिले करण्यासाठी आज्ञावली लिहून घेतली असे समजू. तिच्या मुख्य फाइलीत २४० ओळी आहेत. त्यांपैकी १६० आज्ञांच्या, ५० टिपांच्या व ३० कोऱ्या आहेत. दुसऱ्या फाइलीतील १२० ओळींपैकी ८० आज्ञांच्या, २५ टिपांच्या व १५ कोऱ्या आहेत. मुख्य फाइलीची एक प्रत सुरक्षिततेसाठी त्याच फोल्डरमध्ये ठेवली आहे. शिवाय तारखा व बेरजा यांसाठी बाहेरून घेतलेला ५,००० ओळींचा एक तयार संच तेथेच आहे. डब्ल्यूसीने सर्व फाइली मोजल्यास उत्तर ५,६०० येईल. क्लॉकला बाहेरील संच वगळावयास सांगितल्यास प्रत आपोआप गळते आणि आज्ञांच्या ओळी केवळ २४० निघतात. दोन्ही उत्तरे आपापल्या नियमानुसार बरोबर आहेत. पण मोबदला दर ओळीमागे ठरला असेल, तर दुकानदाराला द्यावी लागणारी रक्कम तेवीसपटींहून अधिक बदलेल.

मोजणीतील अडचणी : टीपचिन्ह नेहमी टिपेच्याच आरंभी येते असे नाही. अवतरणचिन्हांतील मजकुराचा भाग म्हणूनही ते येऊ शकते. आकृतिबंध जुळवून टिपा ओळखणारे साधन अशा ठिकाणी फसते आणि पुढील आज्ञा टीप समजून वगळते. व्याकरणानुसार अक्षरामागून अक्षर वाचत जाणारी साधने ही चूक टाळतात. पायथन भाषेत तीन अवतरणचिन्हांत लिहिलेला स्पष्टीकरणाचा मजकूर व्याकरणाच्या दृष्टीने आज्ञेचा भाग, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने टीप असतो. तो कोणत्या रकान्यात घालावा याविषयी साधनांत एकमत नाही. ओळसमाप्तीची चिन्हेही सर्वत्र सारखी नाहीत. युनिक्समध्ये एक, तर विंडोजमध्ये दोन चिन्हांची जोडी वापरतात.

अक्षरे किंवा बाइट मोजण्यापेक्षा ओळी मोजणे का बरे पडते, हे देवनागरीच्या संदर्भात चांगले दिसते. ‘चिंचोटी’ या नावात मराठी वाचकाला तीन अक्षरे दिसतात. व्यंजने, स्वरचिन्हे व अनुस्वार वेगळे धरणाऱ्या युनिकोडनुसार त्यात ७ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या संकेतनात प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून तेच नाव २१ बाइटांचे होते. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकानुसार ते ७ बाइटांत मावत असे. बाइटांवरून आकार ठरविल्यास मराठीत टिपा लिहिणाऱ्याची फाइल इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या फाइलीपेक्षा विनाकारण मोठी दिसेल. ओळींच्या संख्येवर लिपीचा असा परिणाम होत नाही.

श्रम व खर्च यांचा अंदाज : ओळींच्या संख्येवरून श्रम काढण्याचे सर्वांत परिचित प्रतिमान अमेरिकन अभियंते बॅरी बोहम (१९३५–२०२२) यांनी १९८१ मध्ये ‘कोकोमो’ या नावाने मांडले. त्यासाठी त्यांनी ६३ प्रकल्पांच्या माहितीचा आधार घेतला. लहान गटाने परिचित स्वरूपाचे काम करावयाचे असल्यास, हजारांत मांडलेल्या ओळींच्या संख्येचा १·०५ वा घात घेऊन त्यास २·४ ने गुणले असता मनुष्य-महिने मिळतात. त्यानुसार १०,००० ओळींना सु. २७, तर १,००,००० ओळींना सु. ३०२ मनुष्य-महिने लागतात. ओळी दसपट झाल्या तरी श्रम सव्वाअकरा पटींच्या आसपास वाढतात. कारण काम मोठे झाले की माणसांमधील समन्वयाचे कामही वाढते. यंत्रसामग्रीशी घट्ट बांधलेल्या अवघड प्रकल्पांसाठी गुणक ३·६ व घातांक १·२० धरला जातो.

व्हीलर यांनी २००१ मध्ये हेच प्रतिमान वापरून रेड हॅट लिनक्स ७·१ या प्रणालीची मोजणी केली. तीत ३ कोटींहून अधिक दृश्य ओळी भरल्या. नेहमीच्या व्यावसायिक पद्धतीने ती तयार करण्यास सु. ८,००० मनुष्य-वर्षे व १ अब्ज डॉलरांहून अधिक खर्च आला असता, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वेच्छेने व खुलेपणाने झालेल्या कामाचा आर्थिक व्याप लोकांसमोर ठेवण्याचे कार्य येथे ओळगणकाने केले.

भारतीय सॉफ्टवेअर व्यवसायातील स्थान : टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. फकीरचंद कोहली (१९२४–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली तिने १९७४ मध्ये परदेशी ग्राहकाचे काम भारतात राहून करण्यास प्रारंभ केला. अंधेरी येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातही पुढे अनेक सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. या व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात जुन्या आज्ञावल्यांचे नव्या संगणकांसाठी रूपांतर व त्यांची देखभाल ही कामे मोठ्या प्रमाणावर असत. अशा कामात मूळ मजकूर आधीच उपलब्ध असतो. त्यामुळे ओळींची मोजणी हा अंदाजाचा स्वाभाविक पाया ठरतो.

याचे ठळक उदाहरण २००० सालच्या समस्येचे. जुन्या कोबोल आज्ञावल्यांत वर्षासाठी दोनच अंक राखलेले असत. १९९९ नंतर येणारे ‘००’ हे १९०० समजले जाऊन हिशेब चुकण्याचा धोका होता. लक्षावधी ओळी वाचून तारखांची ठिकाणे शोधावयाची होती. या दुरुस्तीचा दर बहुधा ओळीमागे सांगितला जाई. ग्राहकाच्या दृष्टीने एकूण ओळी, तर काम करणाऱ्याच्या दृष्टीने तपासाव्या लागणाऱ्या ओळी महत्त्वाच्या होत्या. प्रत्यक्षात बदलाव्या लागणाऱ्या ओळी त्यांच्या मानाने थोड्या असत. म्हणून टिपा, कोऱ्या ओळी व वापरात नसलेल्या फाइली हिशेबात धरावयाच्या की नाहीत, हे करारापूर्वी ठरविणे दोन्ही पक्षांच्या हिताचे होते.

पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्रात पुढे आज्ञावली हाताने न लिहिता प्रतिमानावरून यंत्राकडून लिहवून घेण्याच्या साधनांवर संशोधन झाले. अशा पद्धतीत माणूस प्रतिमान तयार करतो आणि त्यावरून यंत्र हजारो ओळी निर्माण करते. या ओळींची संख्या यंत्राच्या कामाचे माप असते, माणसाच्या श्रमाचे नव्हे. भाषिक प्रतिमानांकडून आज्ञावल्या लिहवून घेण्याची प्रथा रूढ होत असलेल्या सध्याच्या काळात हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

मापाचा दुरुपयोग : ओळींची संख्या आकार दाखविते, गुणवत्ता दाखवीत नाही. एकच काम यंत्रसंनिध असेंब्ली भाषेत १,२०० ओळींत चार महिन्यांत झाले आणि उच्चस्तरीय भाषेत ३०० ओळींत दीड महिन्यात झाले, असे समजू. पहिल्याची गती महिन्याला ३०० ओळी, तर दुसऱ्याची २०० ओळी येते. ओळींवरून पाहिल्यास दुसरा प्रोग्रॅमर मंद ठरतो. वस्तुतः त्यानेच काम अडीच महिने आधी संपविले आहे.

ॲपल कंपनीत १९८२ मध्ये प्रोग्रॅमरांकडून आठवड्यात लिहिलेल्या ओळींची संख्या कागदावर भरून घेतली जाऊ लागली. बिल ॲटकिन्सन (१९५१–२०२५) यांनी त्याच सुमारास चित्रांकनाच्या आज्ञावलीचा एक भाग नव्याने लिहून ती सु. २,००० ओळींनी लहान व सु. सहापट वेगवान केली होती. त्यांनी कागदावर उणे २,००० हा आकडा भरला. त्यानंतर त्यांच्याकडून असा कागद मागणे थांबले, असे त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी नमूद केले आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी १९८८ मध्ये याच मुद्द्याला तात्त्विक रूप दिले. त्यांच्या मते ओळी ही उत्पादनाच्या नव्हे, तर खर्चाच्या बाजूस मांडावयाची रक्कम आहे. प्रत्येक ओळ कोणीतरी वाचावी, समजून घ्यावी व सांभाळावी लागते, हे लक्षात घेता हा विचार रास्त वाटतो.

पूरक मापे : ओळींच्या मर्यादा ओळखून इतर मापे पुढे आली. टॉमस मकेब यांनी १९७६ मध्ये आज्ञावलीतील स्वतंत्र वाटांच्या संख्येवर आधारलेले जटिलतेचे माप दिले. मॉरिस हॅल्स्टेड यांनी १९७७ मध्ये क्रियाचिन्हे व कार्यांक यांच्या मोजणीवर आधारलेली मापे मांडली. आयबीएममधील ॲलन आल्ब्रेख्ट यांनी १९७९ मध्ये ‘फंक्शन पॉइंट’ हे एकक सुचविले. त्यात आज्ञावली वापरणाऱ्याला काय देते ते मोजले जाते, ती कशी लिहिली आहे ते नव्हे. या मोजणीस मात्र प्रशिक्षित माणूस व बराच वेळ लागतो. ओळगणकाचे उत्तर यंत्राकडून, विनाखर्च व दर वेळी सारखेच मिळते. म्हणूनच त्याचा वापर टिकून राहिला आहे.

दोन आवृत्त्यांमध्ये किती ओळी वाढल्या, गळल्या वा बदलल्या हे पाहणे, दर हजार ओळींमागे दोषांचे प्रमाण काढणे, अनोळखी आज्ञावली हाती आल्यावर ती कोणकोणत्या भाषांत व केवढी आहे याची प्रथम कल्पना घेणे आणि तपासणीस लागणारा वेळ ठरविणे, ही ओळगणकाची उचित कार्यक्षेत्रे होत. त्यांत संख्येसोबत साधनाचे नाव, त्याची आवृत्ती व वगळलेल्या फाइलींचा उल्लेख करणे आवश्यक असते. माणसांची परस्परांशी तुलना किंवा त्यांचे वेतन ठरविण्यासाठी ही संख्या वापरल्यास ओळी वाढतात, काम वाढतेच असे नाही.